भाजलेल्या जखमेवर काय लावावे?
(सोसायटीच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत परिचारिका म्हणून नोकरी केली. गुऱ्हाळांच्या हंगामात आमच्याकडे भाजलेले रुग्ण यायचे. उकळत्या काकवीचा शिंतोडा कातडीला चिकटतो, लवकर सुटत नाही. एका पोराच्या हातावर टूथपेस्ट, त्यावर हळद आणि त्यावर शाई असे तीन थर होते. ते काढताना तो जसा ओरडला, ते मी विसरले नाही. प्रत्येकाने मायेनेच काहीतरी लावले होते. पाणी मात्र कोणीच ओतले नव्हते. म्हणून आज हा विषय घेतला.

रुग्णालयातील पांढरे मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. अमेरिकेत डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८ साली पुढे आणले. ते जंतूंना रोखते, आणि मोठ्या भाजण्यात जंतुसंसर्ग जिवावर बेततो, म्हणून त्याचे महत्त्व. पण त्याचा जखमेवर पापुद्रा धरतो, खोली नीट कळत नाही, पट्टी वरचेवर बदलावी लागते आणि नवी कातडी येण्यास उशीर होऊ शकतो. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाला ते लावत नाहीत.

याच मलमाची तुलना आपल्या शेजारच्या सोलापुरात झाली. तेथील वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ जणांना मध, ५२ जणांना हे मलम. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटातील १० टक्के. त्यांच्याच १९९८ च्या अभ्यासात हा फरक पुष्कळ कमी होता: २१ दिवसांत मधाने सर्व, मलमाने ८४ टक्के. २०१५ च्या कॉक्रन आढाव्यानेही मधाच्या बाजूने कौल दिला, पण या मलमाशी झालेल्या तुलनेचा पुरावा कमी दर्जाचा ठरवला. म्हणजे एका आकड्यावर भाळून जाऊ नये.

याच डॉक्टरांनी १९९९ साली खोल भाजण्यात मधापेक्षा लवकर शस्त्रक्रिया करून कातडी बसवणे चांगले, असे दाखवले. स्वतःच्याच आवडत्या उपायाची मर्यादा सांगणे, याला मी शास्त्र म्हणते. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली, तर शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. जखम ओलसर ठेवणारी, न चिकटणारी आणि गरिबाला परवडणारी पट्टी हवी, हा दोघांचा हेतू.

आता कोणी म्हणेल, महाबळेश्वर जवळ, मांघर तर २०२२ साली मधाचे गाव झाले; मग घरचा मध लावू का? नको. खाण्याच्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. औषधी मध निर्जंतुक केलेला असतो.

मग घरी करायचे काय? भाजल्याबरोबर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे. बर्फ नको. अंगठी, बांगड्या काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाका. बोटांसह आपला तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम, तोंड, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजणे, लहान मूल, म्हातारे माणूस, वीज किंवा रसायन असेल तर थेट रुग्णालय. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

कोणते मलम, हे जखम पाहून डॉक्टर ठरवतील. पहिली वीस मिनिटे मात्र तुमच्या हातात आहेत. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर एवढे आपल्या आईला आणि आजीला सांगा.