मागावरचे दुखणे

सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील कित्येक पुरुष यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. मजुरी विणलेल्या कापडावर. माग थांबला की कमाई थांबली! अशा कामगारास क्षय अथवा मधुमेह जडला म्हणजे तो प्रथम दुखणे लपवितो. त्यास मी भित्रा म्हणणार नाही. घरभाडे कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही.

परंतु ज्याच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी जाते, त्याने तरी लपवू नये. १९४८ च्या कायद्याने आलेल्या या विम्यात आजाऱ्यास वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. ठरावीक ३४ दीर्घ रोगांत, नोकरी व वर्गणी पुरेशी असल्यास, ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत चालतो. क्षय त्यांत आहे. मधुमेह मात्र डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड वा पाय बिघडल्यावरच त्यांत बसतो. मला हे उफराटे वाटते. माणूस धडधाकट ठेवावयाचा तो त्याआधीच!

आणि ज्यांचा विमाच नाही? अशा मधुमेह्यास मुकादमाने कायमची दिवसपाळी द्यावी आणि जेवणाची वेळ चुकू देऊ नये. एवढे करण्यास कायदा लागत नाही.