दरी, घाटी आणि उत्तरपत्रिका
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंदुरातील मराठी शाळेतून बाहेर पडलेली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. बी. ए.च्या पहिल्या वर्षी तिने भूगोल हा विषय घेतला आहे आणि प्राकृतिक भूगोलाची वार्षिक परीक्षा महिन्यावर आली आहे. महाविद्यालयातील अध्यापन हिंदीतून चालते. शाळेत ज्याला विदारण म्हणत, त्याला तेथे ‘अपक्षय’ म्हणतात. सांद्रीभवनाचे ‘संघनन’ झाले आहे, आवर्ताचे ‘चक्रवात’, पर्जन्यछायेचे ‘वृष्टिछाया’. मराठीतील घाट म्हणजे डोंगर ओलांडण्याची वाट. हिंदीतील ‘घाटी’ म्हणजे मराठीतील दरी. आणि हिंदीतील ‘दरी’ तर जमिनीवर अंथरायची! या गोंधळात त्या मुलीला वाटू लागते, की शाळेतील सारी वर्षे वाया गेली आणि आता सगळे नव्याने पाठ करावे लागणार. घरातही हलक्या आवाजात प्रश्न निघतो: मराठी शाळेत घालण्यात चूक तर झाली नाही ना?

हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. प्राकृतिक भूगोलाच्या परीक्षेत नावांपेक्षा कारणांची पारख अधिक होते. कारण एकदा मातृभाषेत नीट उमगले, की त्याला दुसऱ्या भाषेतील नाव देणे हे थोड्या दिवसांचे काम असते. कारण न उमगता नावे घोकणाऱ्याला मात्र कोणतीच भाषा तारून नेत नाही.

एक नेहमीचा प्रश्न घ्यावा. नर्मदा पश्चिमेकडे का वाहते आणि ती त्रिभुज प्रदेश का निर्माण करीत नाही? पाठांतर करणारा विद्यार्थी दोन वाक्यांत थांबतो. समजून घेणारा विद्यार्थी प्रथम एक आडवा छेद काढतो. उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा, मधला भूभाग खचलेला, ही खचदरी. नदीने आपली वाट स्वतः कोरलेली नाही, तयार खोलगट भागातून ती वाहते, म्हणून द्वीपकल्पाचा सर्वसाधारण उतार पूर्वेकडे असूनही तिचा प्रवाह पश्चिमेकडे जातो. मग मुखाकडे वळावे. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर मोठा आहे. नदीने आणलेला गाळ तेथे साचून राहू शकत नाही, म्हणून त्रिभुज प्रदेशाऐवजी खाडी तयार होते. कारणांची ही साखळी ज्याच्या मनात पक्की बसली, त्याने खचदरीच्या जागी ‘भ्रंश घाटी’ आणि खाडीच्या जागी ‘ज्वारनदमुख’ लिहिले, की उत्तर पूर्ण होते. ज्या घरातून कोणी नर्मदेची परिक्रमा केली असेल, त्या घरात हा धडा आजीच्या तोंडूनही अर्धा ऐकायला मिळतो.

इंदूरच्या विद्यार्थ्याचे भाग्य असे, की अभ्यासक्रमाचा मोठा भाग त्याच्या पायाखालीच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्हाचे थर म्हणजेच माळव्याचे पठार. त्या बेसाल्टच्या रासायनिक विदारणातून काळी माती झाली. तिच्यातील चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विदारणावरील प्रश्नाला याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. जलविभाजक समजून घ्यायचा असेल, तर महूजवळच्या जानापाव डोंगराचा नकाशा पाहावा. येथून चंबळ उत्तरेला निघते आणि तिचे पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरातील चोरल दक्षिणेला उतरून नर्मदेमार्गे अरबी समुद्र गाठते. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकेका दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो. आकाश निरभ्र असेल, तर भर दुपारी अंगणातल्या उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्याचे भासमान भ्रमण हा धडा त्या काठीने जितका पटतो, तितका पुस्तकाने पटत नाही.

जे पायाखाली नाही, तेही याच रीतीने शिकावे. पर्जन्यछायेसाठी सह्याद्री घ्यावा. बाष्पयुक्त हवा पर्वत चढते, दाब कमी झाल्याने प्रसरण पावते, त्यामुळे थंड होते; सांद्रीभवन होऊन महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो. पलीकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते आणि पायथ्याच्या वाईला पाऊस पुष्कळच कमी मिळतो. आल्फ्रेड वेगेनरने 1912 साली मांडलेली खंडवहनाची कल्पनाही अशीच वाचावी: त्याने कोणते पुरावे दिले, खंडे हलविणारी शक्ती कोणती हे त्याला पटण्याजोगे का सांगता आले नाही, आणि पुढे भूपट्ट सिद्धांताने ती उणीव कशी भरून काढली. परीक्षकाला हा क्रम हवा असतो.

शेवटच्या महिन्याची आखणी साधी असावी. पहिल्या दोन आठवड्यांत भूरूपे, हवामान, महासागर आणि जीवावरण या चारही भागांतील मुख्य प्रक्रिया मराठीतून मोठ्याने समजावून सांगाव्यात. जेथे बोलणे अडते, तेथे समज अडलेली असते. तिसऱ्या आठवड्यात तीन रकान्यांची वही करावी: मराठी संज्ञा, हिंदी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आणि प्रत्येकीपुढे हाताने काढलेली छोटी आकृती. चौथ्या आठवड्यात घड्याळ लावून उत्तरे लिहावीत. प्रश्नपत्रिका तीन तासांची आणि प्रश्न पाच असतील, तर प्रत्येकाला अर्धा तास, आरंभी दहा मिनिटे वाचनाला आणि अखेरची वीस मिनिटे आकृत्यांची नावे व नकाशा तपासायला ठेवावीत. आकृती आधी काढावी. तिच्यावरून उत्तराचे मुद्दे आपोआप क्रमाने येतात.

पालकहो, या तयारीत घराचा वाटा मोठा आहे आणि त्यासाठी भूगोल येण्याची अट नाही. रात्री जेवण झाल्यावर मुलीला एवढेच विचारावे: “आज काय वाचलेस ते सांग बरे.” ऐकणाऱ्याला कळेल असे तिने सांगितले, तर परीक्षकालाही कळेल. ती अडखळली तर रागावू नये. पुस्तकाचे कोणते पान पुन्हा उघडायचे, ते तिला त्याच क्षणी समजते.

साठ वर्षांत या शाळेने मुलांना संज्ञा दिल्या, त्या बदलत राहतील. पाणी उतारानेच का जाते, वारा कोठून कोठे का वाहतो, हे विचारण्याची सवयही तिनेच लावली, आणि ती सवय परीक्षेच्या भाषेवर अवलंबून नाही. मराठी शाळेत घालण्यात चूक झाली का, या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत असेल. तिच्यातील शब्द हिंदी असतील. त्यांमागचा विचार मात्र याच वर्गांतील बाकांवर घडलेला असेल.