केमोथेरपीसाठी 'पोर्ट' : बसवावा की न बसवावा?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



घरात कर्करोगाचे निदान झाले की पहिला प्रश्न उठतो तो रुग्णालयाचा. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सेवाग्राम, की थेट मुंबईचे टाटा? आता चंद्रपुरातही टाटा ट्रस्ट, राज्य शासन व जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या सहभागातून कर्करुग्णालय उभारण्यात आले आहे. दुसरा प्रश्न खर्चाचा. या दोहोंच्या गर्दीत डॉक्टर तिसरा प्रश्न सहज विचारून जातात, "पोर्ट बसवायचा का?" ऐकणाऱ्याला ते हृदयाचे काही यंत्र वाटते. वडीलधारी मंडळी व्हरांड्यात एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी म्हणतो, "नंतर बघू." हे 'नंतर' पुष्कळदा हाताच्या शिरा निकामी झाल्यावरच उगवते. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच ठेवला आहे.

पोर्ट म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, टायटॅनियमची किंवा टणक प्लॅस्टिकची डबी. ती छातीच्या वरच्या भागात, कॉलरच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवितात. तिला जोडलेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत जाते. साधारणतः स्थानिक भूल देऊन तासाभरात हे काम होते. डबीच्या तोंडाशी सिलिकॉनचा जाड पडदा असतो. कापडात एकाच जागी शंभर वेळा सुई टोचली तर तेथे भोक पडते. हा पडदा मात्र योग्य सुईने हजार वेळा टोचला तरी पुन्हा मिटतो. 'योग्य सुई' म्हणजे ह्यूबर सुई. तिचे टोक असे वळविलेले असते की ती पडद्याचा तुकडा कापून नेत नाही. गंमत अशी की ही सुई ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते राल्फ ह्यूबर अमेरिकेतील दंतवैद्य होते. संपूर्ण कातडीखाली राहणारा पोर्ट जॉन नीडरह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली वैद्यकीय जगापुढे मांडला. म्हणजे हे साधन काही कालचे नाही.

त्याची गरज का पडते? केमोथेरपीतील काही औषधे शिरेच्या आत असतात तोवर औषध आणि शिरेबाहेर झिरपली की विष. डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण 'लाल औषध' म्हणून ओळखतात, ते हाताच्या बारीक शिरेतून बाहेर आले तर कातडी व मांस जळते आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. छातीतील मोठ्या शिरेत रक्ताचा ओघ मोठा असल्याने औषध पडताक्षणीच पातळ होते.

आता हिशेब मांडून पाहू. अहेरीच्या एखाद्या गृहिणीचे उदाहरण कल्पनेने धरू. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठी काढल्या. अशा वेळी डाव्या हाताला सुई शक्यतो टोचीत नाहीत. उरला उजवा हात. उपचाराचा एक प्रचलित क्रम असा की दर तीन आठवड्यांनी लाल औषधाचे ४ डोस, त्यानंतर दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला १२ डोस. एकूण १६ फेऱ्या. प्रत्येक फेरीत रक्ततपासणीची एक व सलाईनची एक अशा किमान ३२ सुया, आणि त्या सर्व एकाच हाताला. पहिल्या प्रयत्नात शीर सापडली नाही तर आकडा वाढतच जातो. काही रुग्णांना पुढे वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रॅस्टुझुमॅब द्यावे लागते, तो जमाखर्च वेगळाच. अशा रुग्णाने पोर्टचा विचार पहिल्या डोसापूर्वीच करावा. त्या वेळी रक्तातील पेशी ठीक असतात, जखम लवकर भरते. आठव्या डोसानंतर शिरा दोरीसारख्या कडक झाल्यावर घाईने बसविलेला पोर्ट त्याच खर्चात कमी उपयोगाचा ठरतो.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात प्रश्न आणखी सरळ आहे. त्याच्या एका नेहमीच्या उपचारात एक औषध सलग ४६ तास थेंबथेंब द्यावे लागते आणि असे दर पंधरवड्याला, काहींना १२ वेळा. पोर्ट असेल आणि रुग्णालयात ती सोय असेल, तर छोटा पंप कमरेला लावून रुग्ण धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे मुक्कामाला जाऊ शकतो.

याउलट खर्रा-तंबाखूने आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घर केले आहे आणि त्यातून होणारा मुखाचा कर्करोग येथे नेहमीचाच. त्यात किरणोपचाराबरोबर सहा-सात आठवडे आठवड्यातून एकदा औषध देतात. हाताच्या शिरा चांगल्या असतील तर एवढ्यासाठी बहुधा पोर्ट लागत नाही. शेजाऱ्याला बसवला म्हणून आपल्यालाही हवा, हा विचार येथे कामाचा नाही.

पोर्ट आणि हात यांच्या मधला एक मार्गही आहे, 'पिक' नळीचा. दंडातून घातलेली ही नळी बाहेर लोंबती राहते. सुरुवातीला ती स्वस्त पडते, पण दर आठवड्याला ड्रेसिंग व सफाई लागते आणि दंड पाण्यात भिजवता येत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांपलीकडे असताना, घामाने चिकटपट्टी किती वेळ टिकेल हे कोणी सांगायला नको. दररोज स्नान करून पूजेला जाणाऱ्यांना हा फरक विशेष जाणवेल. पोर्टची जखम भरली आणि सुई लावलेली नसली की नेहमीसारखे स्नान करता येते. ब्रिटनमधील १,०६१ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोर्ट असलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, तर पिक नळी असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना.

म्हणजे पोर्टमध्येही ३२ टक्के! हा आकडा लपविण्यात अर्थ नाही. जंतुसंसर्ग, नळीत अगर शिरेत रक्ताची गाठ, नळी सरकणे आणि क्वचित बसवताना फुप्फुसाला इजा, असे हे धोके आहेत. ब्रिटनच्या शहरात ते झाले तर रुग्णालय जवळ असते. आपल्याकडे अहेरी-आलापल्लीहून गडचिरोली शंभराहून अधिक किलोमीटर, आणि गडचिरोलीहून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. म्हणून येथील कुटुंबाने पोर्टचा निर्णय केवळ शिरा पाहून घेऊ नये, रस्ता पाहूनही घ्यावा. रस्ता लांब आहे म्हणून पोर्ट नको, असे मात्र यातून निघत नाही. दर आठवड्याच्या ड्रेसिंगसाठी तोच रस्ता तुडवणे अधिक अवघड. रस्ता लांब असेल तर पुढच्या दोन गोष्टींची तजवीज आधी झाली पाहिजे.

पहिली गोष्ट तापाची. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला किंवा पोर्ट धुतल्यावर थंडी वाजून आली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना हा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. रात्री दोन वाजता गाडी कोणाची, चालवणार कोण आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविक तत्काळ सुरू होईल, याची उत्तरे पोर्ट बसवण्यापूर्वी कागदावर लिहिलेली असावीत.

दुसरी गोष्ट धुण्याची. वापरात नसलेला पोर्ट साधारणतः दर चार आठवड्यांनी धुवावा लागतो; काही ठिकाणी हे अंतर आठ ते बारा आठवड्यांपर्यंत वाढवतात. ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडाशी तारीख येत असेल तर आधीच बोलावे. आपल्या तालुक्याच्या गावी ह्यूबर सुई व ती लावता येणारी परिचारिका आहे का, याचीही चौकशी करावी. साध्या सुईने पोर्ट टोचू देऊ नये, पडदा फाटतो. दहा मिलिलिटरपेक्षा लहान सिरिंजही वापरू देऊ नये. तिच्या दाबाने नळी फुटू शकते. गावातील डॉक्टर कितीही घरोब्याचे असले तरी येथे भीड धरू नये.

धुण्याशी निगडित एक बाब आपल्या समाजाला ठाऊक असायला हवी. पोर्ट बंद करताना पुष्कळ ठिकाणी हेपॅरिन नावाचे रक्त गोठू न देणारे द्रव्य भरतात. ते प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते. हे नंतर कळून मनाला टोचणी लागण्यापेक्षा आधीच विचारलेले बरे. बेल्जियममध्ये ८०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ मिठाच्या पाण्याने, म्हणजे सलाईनने, बंद केलेले पोर्ट हेपॅरिनच्या तुलनेत उणे ठरले नाहीत. तेव्हा "सलाईनने चालेल का?" असे निःसंकोच विचारावे, अनेक रुग्णालयांत तशीच पद्धत आहे. शिरेत गाठ झाली आणि प्राण वाचवण्यासाठीच हेपॅरिन द्यायची वेळ आली, तर तो प्रसंग निराळा. त्यासंबंधीची आपली इच्छाही डॉक्टरांना आधी सांगून ठेवता येते. उपवास आणि चौविहार यांचेही तसेच. शरीरात पाणी कमी पडले की हाताच्या शिरा सापडत नाहीत, आणि पोर्ट असला तरी मूत्रपिंडाला पाणी लागतेच. पर्युषणात डोसाची तारीख येत असेल तर महाराजसाहेब व डॉक्टर दोघांशीही मोकळेपणी बोलावे.

खर्चाबद्दल थोडक्यात. डबी, शस्त्रक्रिया, दर वेळची सुई व पुढे काढण्याची शस्त्रक्रिया, असे चार वेगळे आकडे विचारावेत. पहिलाच ऐकून परतू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. पोर्ट त्यात धरला आहे की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे माणूस राहूनच जाते. पुरुष मंडळी खर्च, रस्ता, धोके सगळे बोलतात. पलंगावरील बाईला कोणी विचारत नाही. छातीवर तो उंचवटा दिसणार, ब्लाउजचा काठ किंवा गाडीचा पट्टा त्यावर घासणार, नातवंडाचे डोके तेथे टेकणार. यांपैकी पुष्कळ गोष्टी जागा थोडी बदलून टळतात, पण त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी तिला बसवून, नेहमीचे कपडे अंगावर असताना पेनाने खूण करायला हवी. एखादी म्हणेल, "मला हातालाच सुई चालेल, अंगात वस्तू नको." दिले जाणारे औषध तसे असेल व शिरा साथ देत असतील, तर तिचे म्हणणे मानावे. एखादी म्हणेल, "दर वेळी हात चाचपून शीर शोधतात, ते आता सोसवत नाही." तेव्हा केवळ खर्चाकडे बोट दाखवून तिला गप्प करू नये.

पोर्ट बसवला तर त्याबरोबर एक कार्ड मिळते. त्यावर पोर्टचा प्रकार व तो बसविल्याची तारीख असते. सीटी स्कॅनचे औषध त्यातून दाबाने देता येते की नाही, हेही त्यावरून कळते. ते कार्ड तिजोरीत न ठेवता रुग्णाच्या पाकिटात ठेवावे व त्याची एक प्रत मुलाकडे द्यावी. उपचार संपल्यावर तो केव्हा काढायचा, हेही बसवतानाच विचारून कार्डामागे लिहून ठेवावे. नाहीतर डबी छातीत राहते आणि ती धुण्याची तारीख लग्नसराईत विसरली जाते.