कुलूपबंद संगणकांचे काय करायचे?

(भोर व वेल्हे तालुक्यांतील शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर भोर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या तारांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझ्या मते हा विषय अर्थशास्त्राचाच आहे. एखादे साधन कोणाच्या मालकीचे, ते चालू ठेवण्याचा खर्च कोण सोसतो आणि बिघडल्यावर ते दुरुस्त करण्याची विद्या कोणापाशी आहे, हे तीन प्रश्न चरख्याला विचारता येतात, साखर कारखान्याला विचारता येतात आणि शाळेतील संगणकालाही विचारता येतात. पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्या चळवळीत पुष्कळ चर्चा झाली आहे. तिसऱ्याकडे मात्र आपण फारसे लक्ष दिले नाही. आज मी मुख्यतः त्याविषयी बोलणार आहे.

प्रसंगही तसाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिली जाणारी नेहमीची मदत थांबवली. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या प्रोसेसरवर चालवण्यास कंपनीची मान्यता नाही. म्हणजे ज्या यंत्राचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, पंखा फिरतो, ते यंत्र केवळ कंपनीच्या वेळापत्रकामुळे भंगारात निघते. आपल्या शाळांतील परिस्थिती याहूनही बिकट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची योजना सुरू केली. तिच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रात ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा’ ही पद्धत स्वीकारली गेली. कंत्राटदाराने संगणक आणायचे, काही वर्षे चालवायचे आणि मुदत संपली की शाळेच्या ताब्यात द्यायचे. कागदावर हस्तांतर झाले. पण हस्तांतर झाले ते खोक्यांचे. ती चालवण्याची विद्या कंत्राटदाराच्या माणसाबरोबर एसटीत बसून निघून गेली आणि खोलीला कुलूप लागले.

या दोन तालुक्यांतील माणसांना ही गोष्ट नवी नाही. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत पोहोचले. पानशेत आणि वरसगाव वेल्हे तालुक्यात. त्यांच्या पाण्यावर पुणे शहर जगते. (या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, पाण्याचा प्रवाह मात्र पूर्वीच्याच दिशेने चालू आहे.) धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपल्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. म्हणूनच, एका ठिकाणी साठा आणि बाकी सारी टोके त्याच्यावर अवलंबून, अशी कोणतीही रचना समोर आली की आपण तिच्याकडे संशयाने पाहतो. मी आज जी रचना सुचवणार आहे ती नेमकी तशीच आहे. त्यामुळे हा संशय मनात जागा ठेवूनच ऐकावे.

रचना अशी. वर्गात वीस संगणक आहेत असे समजू. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येकाच्या पोटात एक हार्ड डिस्क असते, तिच्यावर प्रणाली असते, मुलांचे काम असते आणि अर्थातच व्हायरसही असतात. म्हणजे वीस ठिकाणी बिघाडाची शक्यता आणि वीस ठिकाणी दुरुस्ती. डिस्कविरहित जाळ्यात विसांपैकी एकातही डिस्क नसते. एकच बरे यंत्र सर्व्हर म्हणून ठेवायचे. बाकीची यंत्रे सुरू होताना आपली प्रणाली तारेवरून त्याच्याकडून घेतात आणि मुलांचे काम त्याच्याच डिस्कवर राहते. मुलगी आज पहिल्या बाकावर बसली आणि उद्या शेवटच्या, तरी तिचे नाव आणि परवलीचा शब्द दिला की तिची चित्रे, तिचा निबंध तिच्यासमोर येतो. एलटीएसपी म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट हा या कामाचा मुक्त संच. तो १९९९ साली अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी सुरू केला आणि २०१९ मध्ये ग्रीसच्या आल्किस जॉर्जोपुलोस यांनी तो नव्याने लिहिला. ग्रीसमधील शाळांत तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद न कळल्यामुळे बरीच निराशा पदरी येते. एका प्रकारात सारा स्वयंपाक सर्व्हरच्या भटारखान्यात होतो आणि टोकांना केवळ भरलेली ताटे जातात. हे थिन क्लायंट. दुसऱ्यात सर्व्हर हे धान्याचे कोठार असते, प्रत्येक यंत्र तेथून शिधा नेते आणि आपल्या चुलीवर शिजवते. फार जुन्या, अर्धा-एक जीबी मेमरीच्या यंत्राला पहिला प्रकारच झेपेल. पण आजचा ब्राउझर इतका खादाड झाला आहे की दर मुलामागे सर्व्हरला अर्धा ते एक जीबी मेमरी राखावी लागते. वीस मुलांना दहा ते वीस जीबी झाली. त्यातून चित्रफीत लावली तर हिशेब पाहा: १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा, दर ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला पंचवीस चित्रे. एका पडद्याला सेकंदाला सुमारे ४७० मेगाबिट. शंभर मेगाबिटांच्या तारेतून हे कसे जावे? यंत्रात दोन जीबी किंवा अधिक मेमरी असेल तर दुसराच प्रकार घ्यावा. विंडोज १० बंद पडल्यामुळे टाकून दिली जाणारी बहुतेक यंत्रे या दुसऱ्या प्रकाराला उत्तम आहेत.

आपल्या भागाला ही रचना सोयीची का, तर डोंगरात पावसाळा म्हणजे वीज जाणार हे गृहीतच धरावे लागते. वीज अकस्मात गेली की पहिला मार बसतो तो फिरत्या डिस्कला आणि तिच्यावर उघडलेल्या फायलींना. डिस्कच नसेल तर टोकाच्या यंत्राचे गमावण्यासारखे काही उरत नाही. विसांना बॅटरीचा आधार देणे शाळेला परवडणार नाही. सर्व्हर आणि स्विच या दोघांना एक घरगुती इन्व्हर्टर पुरतो. मुलीने जतन केलेले लिखाण सर्व्हरवर सुरक्षित असते. वीज आली की ती पुढे लिहू लागते.

आता बिघाडांकडे येतो, कारण योजना उद्घाटनाच्या दिवशी मरत नाही, पहिल्या बिघाडाच्या दिवशी मरते. डिस्कविरहित यंत्र सुरू होताना ठरावीक पायऱ्या चढते. त्याचे नेटवर्क कार्ड आधी तारेवर हाक देते, ‘माझा पत्ता काय?’ डीएचसीपी ही सेवा पत्ता देते आणि सुरुवातीची फाइल कोठे आहे ते सांगते. टीएफटीपी या सेवेतून ती लहान फाइल येते. तिच्या मागोमाग लिनक्सचा गाभा येतो, तो एनएफएसमार्फत सर्व्हरवरील मोठी प्रतिमा जोडून घेतो आणि मग नाव विचारणारा पडदा दिसतो. यंत्र कोणत्या पायरीवर थांबले हे कळले की निम्मी दुरुस्ती झाली. पुष्कळशी जुनी यंत्रे ते स्वतःच सांगतात. पडद्यावर ‘पीएक्सई-ई६१’ उमटले तर तार निघाली आहे, तुटली आहे किंवा उंदराने खाल्ली आहे. ‘ई५१’ म्हणजे हाकेला कोणी उत्तरच दिले नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. ‘ई३२’ म्हणजे नाव मिळाले, फाइल आणायला गेले तर दार उघडत नाही. तेथे सर्व्हरवरील टीएफटीपी बंद आहे किंवा फायरवॉल आड आली आहे. या चार ओळी मोठ्या अक्षरांत, मराठीत, भिंतीवर लावाव्यात.

एका शाळेतील प्रकार सांगतो. जाळे दोन महिने बिनबोभाट चालले. एका सकाळी काही यंत्रे सुरू होत होती, काही ‘ई५३’ म्हणत होती, आणि दुपारी ती नावे बदलत होती. शाळेत यंत्रांना भूतबाधा झाल्याची थट्टा सुरू झाली. आदल्या दिवशी कार्यालयात इंटरनेटसाठी नवा राऊटर बसवला होता आणि त्याची तार याच स्विचला जोडली होती. आता हाकेला दोघे उत्तर देत होते. राऊटरचे उत्तर आधी ऐकणाऱ्या यंत्राला पत्ता मिळे, फाइल मिळत नसे. उपाय सोपा होता. सर्व्हरवरील डीएनएसमास्क ही सेवा ‘प्रॉक्सी’ पद्धतीने लावली. पत्ते राऊटरने वाटायचे, फाइल कोठे आहे एवढेच सर्व्हरने सांगायचे. बिघाड शोधायला तीन तास आणि दूर करायला दहा मिनिटे लागली. तो शोधला नववीतल्या एका मुलीने, कारण ‘काल काय बदलले?’ हा प्रश्न तिलाच प्रथम सुचला.

आणखी काही नेहमीचे प्रकार भराभर सांगतो. वीज परत आली की सारी यंत्रे एकदम जागी होतात, सर्व्हर त्यांच्या मागून. ती हाक देऊन दमतात आणि ‘सगळे जळाले’ असा निरोप गावात पोहोचतो. आधी सर्व्हर, मग दोन मिनिटे थांबून एकेक रांग, एवढा क्रम पुरे. जुन्या यंत्रातील ‘सीआर २०३२’ हा नाण्याएवढा सेल संपला की यंत्र नेटवर्कवरून सुरू व्हायचे विसरते आणि नसलेली डिस्क शोधत बसते. अशी यंत्रे मी भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घेतली आहेत. काही महागडे स्विच तार जोडल्यावर अर्धा मिनिट विचार करतात, तोवर यंत्र कंटाळते. ती सोय बंद करावी किंवा साधा स्विच आणावा. नव्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ बंद करावे लागते. आणि सर्व्हरवर मराठी फॉन्ट बसवला तरी मुलांच्या पडद्यावर चौकोनच दिसतात अशी तक्रार आली, तर कोणीतरी प्रतिमा नव्याने बांधायला विसरले आहे असे समजावे. सर्व्हरवर केलेला बदल ती आज्ञा पुन्हा दिल्याशिवाय टोकांना पोहोचत नाही.

आता त्या संशयाकडे वळतो. वीस यंत्रे एकावर अवलंबून, हे केंद्रीकरण नव्हे काय? आहे. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो लहानपणाच्या कौतुकापोटी नव्हे; यंत्र गावातल्या माणसाच्या हाताच्या आणि बुद्धीच्या आवाक्यात असावे म्हणून. या कसोटीवर पाहिले तर वीस स्वतंत्र संगणक, ज्यांतील एकही शाळेत कोणाला दुरुस्त करता येत नाही, हे दिसायला विकेंद्रित आणि वस्तुतः पूर्ण परावलंबी आहेत. एक सर्व्हर, ज्याची प्रत्येक सेवा गावातली तीन माणसे उघडून पाहू शकतात, हे मला अधिक लहान यंत्र वाटते. पण ती तीन माणसे नसतील, सर्व्हरचा परवलीचा शब्द पुण्यात कोणा हितचिंतकाच्या खिशात असेल, तर आपण आणखी एक भाटघर बांधले असे होईल. मग ते लिनक्सवर चालते की विंडोजवर, याला माझ्या लेखी महत्त्व नाही.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे म्हणूनच पुन्हा सांगावे लागते. परवान्याची किंमत शून्य होते, श्रमाची होत नाही. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले तेव्हा त्याने मोठा भर दिला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर; शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले आणि यंत्रणा टिकली. आपल्याकडे वारणा खोऱ्यात १९९८ साली सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने गावोगाव संगणक केंद्रे निघाली. उसाच्या वजनाची नोंद ही शेतकऱ्याची रोजची गरज होती, म्हणून त्यांचा तेवढा उपयोग चालू राहिला. पण संगणक सांभाळणे जड जाऊ लागले आणि २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशावर करून पाहिले गेले. गरज खरी असूनही दुरुस्ती दूर असली की असे होते.

कोणी साथी म्हणतील, छप्पर गळते, शिक्षक कमी, पटसंख्येच्या नावाखाली शाळा बंद करण्याच्या गोष्टी चालल्या आहेत, तेथे संगणक कसले? छप्पर गळत असेल तर आधी छप्परच दुरुस्त करावे. ओल्या खोलीत सर्व्हर ठेवूही नये. पण पुण्यातील मुलाने स्वतःच्या टेबलावर शिकायचे आणि पासलीच्या किंवा हिर्डोशीच्या मुलाने वडिलांचा मोबाइल सुटीत घरी येईल तेव्हा, ही विभागणी मला मान्य नाही. मोबाइलवर पाहता येते. लिहिणे, मांडणे, हिशेबाचा तक्ता करणे, प्रोग्राम रचणे यांसाठी कळफलक लागतो.

माणसे तीन का? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको. एक शिक्षक, एक गावात राहणारा तरुण किंवा तरुणी, आणि आठवी-नववीतील मुलांची एक तुकडी, जी दर वर्षी पुढच्या तुकडीला शिकवील. तारेची टोके दाबणे, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा या क्रमाने सुरुवात करून, मुले एका दुपारात शिकतात. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. मुलांच्या कामाची दुसरी प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क शाळेबाहेर ठेवायची, कारण एकच सर्व्हर असला की त्याची डिस्क जाणे म्हणजे साऱ्या शाळेचे काम जाणे.

येत्या सुटीत प्रत्येक शाळेने एवढे करावे. कुलूप उघडा. दर यंत्रापुढे वहीत लिहा: मेमरी किती, प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे काय, सेटअपच्या यादीत नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय दिसतो काय. खोलीला अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवा. सर्व्हर जेथे ठेवणार तेथून शेवटच्या बाकापर्यंत दोरी धरून अंतर मोजा. तारेचा एक तुकडा शंभर मीटरच्या आत हवा. आणि कोणती तीन माणसे शिकणार त्यांची नावे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ज्या शाळेच्या वहीत ही नावे असतील तिची जुळणी पहिली करू. यंत्रे किती चांगली आहेत ते त्यानंतर पाहू.