धरणाचें कर्ज कोण फेडतो?

(शेतकऱ्यांच्या सभेंत आम्हीं केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारांत सावकार उभा राहिला कीं आपण व्याज पैपैनें मोजतों. पण धरणासाठीं सरकारनें जें कर्ज काढलें, तें किती आणि तें कोणाच्या पदरांतून फिटतें, हें विचारावयास आपण कचरतों. आज तेवढेंच बोलावयाचें आहे.

जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां ताली-बंधारे बांधून पाणी शेतांत मुरवा म्हणून सांगितलें, आणि हात कोणाचे लावावे तेंहि सांगितलें : लष्करांतले व पोलिसांतले फालतू शिपाई. सरकारची रीत निराळी होती. कालव्याचें उत्पन्न कर्जाचें व्याज भागवील तर तें काम ‘उत्पादक’. दुष्काळ टाळण्यासाठीं तोटा सोसून करावयाचें तें ‘संरक्षक’. पंजाबचे कालवे पहिल्या रांगेंत बसले, आपले दख्खनचे बहुतेक दुसऱ्या.

नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला, तो १८७६-७७ च्या दुष्काळाची आंच बसल्यावर. ज्वारी-बाजरी वांचावी हा हेतु. पण पाऊस बरा झाला कीं ज्वारीवाला पाणी घेईना, आणि पाणी नाहीं तर पट्टीहि नाहीं. खजिना रिकामा! उसाला मात्र बारमाही पाणी लागतें आणि त्याची पट्टीहि जबर. मग कालव्याचें उत्पन्न वाढविण्यासाठीं पाणी उसाकडे वळलें. पुढें विश्वेश्वरय्यांनीं ब्लॉक पद्धत सुचविली. गटांत उसाला ठराविकच हिस्सा, म्हणजे पाणी जास्त गांवांस पोंचावें. योजना चांगली होती. तरी १९२६ सालीं भंडारदरा पुरें झाल्यावर प्रवरेच्या पाटावर काय वाढलें तें आपण डोळ्यांनीं पाहतों. दुष्काळाच्या नांवानें बांधलेलें पाणी साखरेच्या घरीं नांदूं लागलें. पैसा वसूल करण्याची जी रीत, तीच पाण्याची वाट ठरविते, हें आमचें म्हणणें नीट ध्यानांत घ्या.

आतां अलीकडचें. कृष्णा लवादानें महाराष्ट्रास ५६० टीएमसी पाणी दिलें, आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होणार होता. तोंवर पाणी अडविलें नाहीं तर हक्क जाईल, या धास्तीनें १९९६ सालीं कृष्णा खोरे महामंडळ काढून कर्जरोखे विकले. हमी सरकारची. कामें एकदम अनेक हातीं घेतलीं, पैसा पातळ पसरला, आणि कित्येक कामें अर्धीं राहिलीं. अर्धें धरण थेंब देत नाहीं. व्याज मात्र पुरें घेतें. महामंडळाची पाणीपट्टी त्याला कोठून पुरणार? भार राज्याच्या तिजोरीवर आला.

आणि तिजोरी भरतो कोण? माण-खटावचा कोरडवाहू कुणबी डिझेलवर कर भरतो, रोजंदारीची बाई साबणावर भरते. त्यांच्या बांधावर पाट गेला नाहीं. २००५ च्या कायद्यानें पाणीपट्टी व्यवस्थापनाच्या व देखभालीच्या खर्चापुरती धरली. धरणाचें भांडवल पाणी घेणाऱ्याकडून मागितलें जात नाहीं. पाटाच्या तोंडाशीं ज्याच्या जमिनीचा भाव चढला, त्याच्याकडूनहि नाहीं. १९९२ सालीं वैद्यनाथन समितीनें पट्टींत भांडवलाचाहि लहानसा अंश धरावा असें सुचविलें होतें. तो कागद कोणाच्या दप्तरांत आहे, कोण जाणे!

कोणी म्हणेल, गरिबाची पट्टी वाढवा असें हे सांगत आहेत. मुळींच नाहीं. दोन पाळ्यांवर ज्वारी काढणाऱ्यास आहे तीच पट्टी जड आहे, आणि शेवटच्या चारीवरच्या माणसाला तर पट्टीची पावती मिळते पण पाणी मिळत नाहीं. आम्ही म्हणतों, पाणी मोजून द्या. बारमाही पाणी घेणाऱ्याकडून भांडवलाचा वांटा घ्या. आणि अर्धीं कामें पुरीं होईपर्यंत नवा दगड बसवूं नका.

कालवा सल्लागार समितीची पुढची बैठक होईल तेव्हां आपल्या गांवचे चार जण तेथें जा आणि एवढेंच विचारा : या धरणावर आजवर किती खर्च झाला, त्यांत कर्ज किती, व्याज किती गेलें, आणि शेवटच्या चारीवर गेल्या हंगामांत किती पाळ्या पोंचल्या. उत्तर लेखी मागा.