मोटरहोमच्या मागची जीप

कॅनडातल्या आमच्या सफरीबद्दल मी मागे बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "घराएवढी गाडी असताना मागे आणखी एक जीप कशाला ओढत नेलीत?" आज त्या जीपबद्दलच बोलतो. तिची काच गेली, रेडिएटर फुटला, आणि त्यात मोठा दोष माझा होता.

मुलगा कॅल्गरीला असतो. त्याने जुनं मोटरहोम घेतलं आहे. झोपायला जागा, ओटा, न्हाणीघर, सगळं आत. पण एकदा ते मुक्कामाच्या जागी उभं केलं, पाणी-वीज जोडली, की दूध आणायला ते घर घेऊन कोण निघणार? म्हणून तिकडे लोक लहान गाडी मागे जोडून नेतात, चारही चाकं जमिनीवर. प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही, बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअरबॉक्सच खराब होतो. गाडीचं मॅन्युअल वाचल्याशिवाय या भानगडीत पडू नये. मुलाची रँग्लर जीप आहे, तिची ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली की ती ओढता येते. मध्ये पाच-सहा फुटांचा लोखंडी टो-बार, सुरक्षेच्या केबल, दिव्यांची वायर आणि जीपचे ब्रेक लावणारं वेगळं यंत्र.

आता मी तोफखान्यातला माणूस. ओढणं हा आमचा धंदाच. शक्तिमान ट्रकमागे १०५ मिलिमीटरची तोफ लावून किती रस्ते तुडवले असतील, हिशेब नाही. त्यामुळे मुलाला म्हटलं, "मागची बाजू माझ्यावर सोड." इथेच चुकलो. तोफ कूच करते तेव्हा नळीच्या तोंडावर कव्हर चढवतात आणि साइट, म्हणजे नेम धरायचं नाजूक यंत्र, काढून पेटीत ठेवतात. उरतं ते पोलाद. त्यावर खडी उडाली तर उडू दे. जीपची काच, दिवे आणि रेडिएटर काढून पेटीत ठेवता येत नाहीत. हा फरक माझ्या डोक्यातच आला नाही.

आम्ही निघालो होतो अलास्का हायवेने. फौजी माणसाला त्या रस्त्याचं आकर्षण असणारच. १९४२ साली, पर्ल हार्बरनंतर, अमेरिकन सैन्याच्या दहा हजारांहून अधिक जवानांनी जंगल, दलदल आणि डोंगर कापत आठेक महिन्यांत तो काढला. त्यातले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींचे होते, आणि त्यांचं नाव पुढे कित्येक वर्षं फारसं कोणी घेतलं नाही. सुरुवात ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला, शेवट अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला. आज रस्ता पक्का आहे. पण युकॉनमध्ये डिस्ट्रक्शन बेच्या पुढे जमिनीखाली कायमचं गोठलेलं बर्फ आहे. ते वितळलं की रस्ता खचतो, लाटांसारखा वरखाली होतो. मग उन्हाळ्यात खोदकाम निघतं आणि मैलोन्मैल नुसती खडी. आपल्याकडे लेहच्या वाटेवर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

दगड कसा लागतो, तेही समजून घ्या. आपल्याला वाटतं चाक दगड मागे फेकतं. खरं तर चाकाने उचललेला खडा बहुतेक वेळा क्षणभर हवेत तरंगतो, आणि मागची गाडी आपल्या पूर्ण वेगाने जाऊन त्याच्यावर आदळते. रस्त्यावर आपण पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवतो तोवर तो खडा खाली पडलेला असतो. पाच-सहा फुटांत त्याला पडायला वेळच मिळत नाही. आणि मोटरहोमला मागे जोडचाकं. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड सुटला तर तो खडा राहत नाही, गोळा होतो. आमचे ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर जोडचाकांमध्ये डोकवायचे. ती सवय मात्र मी नातवाला लावली, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

मोटरहोमच्या मागे रबरी पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिसायला भक्कम, पण वेगात वारा त्याला मागे उचलतो आणि खालून खडी जाते. तो आणखी खाली आणावा, तर रस्त्याच्या लाटांवर जमिनीला घासून स्वतःच खडी उधळतो. इंजिन मागे असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये त्याने हवा अडते आणि इंजिन तापतं, तो ताप वेगळाच. म्हणून मी डॉसन क्रीकला प्लायवूडचा तुकडा आणला आणि टो-बारवर तिरका बसवला. जीपपुढे ढालच! मुलगा म्हणाला, "बाबा, दगड यावर आपटून कुठे जाणार?" मी म्हटलं, "जाईल कुठेतरी."

चौथ्या दिवशी डिस्ट्रक्शन बे सोडलं. खडी लागली तसा मुलाने वेग कमी केला. मला सायंकाळच्या आत बीव्हर क्रीक गाठायचं होतं. ताफ्याची जुनी सवय, वेळ म्हणजे वेळ. "असं रांगत गेलो तर रात्र होईल," असं मी दोनदा म्हणालो. जूनमध्ये तिकडे रात्र होतच नाही, हेही विसरलो. त्याने वेग वाढवला.

बीव्हर क्रीकला उतरलो. मोटरहोमचा मागचा दिवा फुटलेला, खालचा पत्रा चेचलेला. माझ्या ढालीवरून उसळलेले दगड तिकडे गेले होते. बाजूने सुटलेल्या एकाने जीपची काच तडकवली होती. तिची काच तशीही सरळ उभी, मार चुकवणारी नव्हे. मुलगा काही बोलला नाही. सुनबाई नातवाला घेऊन तळं बघायला निघाल्या होत्या, जीपची किल्ली हातात. तेवढ्यात नातू वाकून म्हणाला, "आजोबा, जीपने शू केली." खाली हिरवट डबकं. प्लायवूडखालून शिरलेल्या खड्याने रेडिएटर फोडला होता.

मंडळी, ओढलेल्या गाडीचं इंजिन बंद असतं. काटा चढत नाही, दिवा लागत नाही, ती काही सांगत नाही. सुनबाई निघाल्या असत्या, तर दहा-पंधरा किलोमीटरवर इंजिन तापून बसलं असतं. मुलाबरोबर त्या रस्त्यावर, जिथे फोनला रेंज नाही आणि अस्वलं आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मुलाला म्हटलं, "चूक माझी." तो म्हणाला, "चहा घ्या, बाबा."

रेडिएटर व्हाइटहॉर्सहून यायचा होता, साडेचारशे किलोमीटरवरून. तीन दिवस तिथेच. शेजारच्या मोटरहोममधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांची सोय दाखवली: टो-बारच्या खालून, मोटरहोमच्या हिचपासून जीपच्या नाकापर्यंत ताणलेली जाड जाळीदार कापडाची झोळी. वळणावर ती लवते. दगड तिच्यावर आपटतो आणि जीव गेल्यासारखा खाली पडतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे घेतो, तसंच. बंकरला दगडी भिंतीपेक्षा वाळूची पोती बरी, कारण दगडाच्या चिपा उडतात, हे मी देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेला माणूस! आणि लावलं काय, तर प्लायवूड.

आम्ही व्हाइटहॉर्सला तशी झोळी घेतली. रेडिएटरपुढे बारीक तारेची जाळी बसवली, हवा जाईल अशी. दिव्यांवर पारदर्शक जाड फिल्म. बॉनेटवर ताडपत्री बांधायचा विचार सोडून दिला, कारण तिच्याखाली धूळ शिरते आणि फडफडून रंग असा घासते की पॉलिशपेपर बरा. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट फुकट होती. ताशी १०० ऐवजी ७० ने गेलात तर दगडाचा मार निम्मा होतो, ५० ने गेलात तर चौथाई. मार वेगाच्या वर्गाने वाढतो, हे गणित तोफखान्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

परतताना खडी लागली की आम्ही जीप सरळ सोडवायचो. पाच मिनिटांचं काम. मी ती चालवत मोटरहोमच्या बराच मागे राहायचो, धूळ बसेपर्यंत. वॉकीटॉकीवर मुलगा सांगायचा, "बाबा, पुढे खड्डा, डावीकडून या." मी म्हणायचो, "रॉजर." दर थांब्यावर नातू आधी जोडचाकांत बघायचा, मग जीपखाली.

वॉटसन लेकला एक 'पाट्यांचं जंगल' आहे. १९४२ मध्ये रस्त्याच्या कामावर असलेल्या, घरची आठवण येणाऱ्या एका अमेरिकन जवानाने आपल्या गावाची पाटी तिथे ठोकली, तेव्हापासून लोक आपापल्या गावच्या पाट्या लावत आले आहेत. मुलाने मोटरहोममधून तो प्लायवूडचा तुकडा काढला, दगडांनी टोचे पडलेला. सुनबाईंनी त्यावर देवनागरीत 'इंदूर' रंगवलं. हातोडी माझ्याकडे दिली.