सामायिक फोल्डर उघडत नाही तेव्हा
(तालुका शिक्षक मेळाव्यापुढील भाषणाचा मजकूर)



ग्रामीण शाळेतील शिक्षक दाखल्याच्या किंवा शिष्यवृत्तीच्या कामासाठी तालुक्याच्या ठिकाणी जातो आणि तेथे त्यास “सर्व्हर बंद आहे” एवढे एकच उत्तर मिळते, हा अनुभव चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत आता कोणासही नवा नाही. सर्व्हर खरोखर बंद असेल तर प्रश्न सरळ असतो. परंतु पुष्कळदा सर्व्हर चालू असतो, त्याचे दिवे लुकलुकत असतात, आणि कालपर्यंत उघडणारा फोल्डर मात्र आज उघडत नाही. चौकशी केली असता कळते की, दोनच दिवसांपूर्वी कार्यालयात एक नवा सर्व्हर बसविला गेला. ह्या प्रसंगाचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय यंत्रज्ञांचा आहे, शिक्षकांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, त्या फोल्डरात जे ठेवलेले असते ते शाळेचेच असते. मुलांची नावे, जन्मतारखा, जातीच्या नोंदी, पालकांचे बँक खातेक्रमांक ह्यांखेरीज तेथे दुसरे काय असणार? शिवाय मोठ्या शाळेत वा केंद्रात संगणकांची देखरेख बहुधा एखाद्या हौशी तरुण शिक्षकाच्याच गळ्यात पडते. त्याने ऐनवेळी काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, हे त्यास ठाऊक असलेले बरे.

दहाबारा संगणकांच्या कार्यालयात प्रत्येक संगणकावर प्रत्येक माणसाचे नाव आणि पासवर्ड वेगवेगळा नोंदून ठेवणे जिकिरीचे होते. म्हणून माणसांची ओळख पटविण्याचे काम एका सर्व्हरकडे सोपवितात. त्यास डोमेन कंट्रोलर म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज पद्धतीत ही व्यवस्था आजच्या स्वरूपात २००० साली आली. कंट्रोलरजवळ एक नोंदवही असते. तिला संगणकांचे जनरल रजिस्टर म्हटले तरी चालेल. एकच कंट्रोलर बिघडला तर सारे कार्यालय अडते, म्हणून शहाणी कार्यालये दुसरा जोडतात, आणि दोघांनी आपापल्या नोंदी परस्परांकडे उतरवून घ्याव्यात अशी योजना असते. हा दुसरा कंट्रोलर जोडला की काही दिवस कुरबुर सुरू होते.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. फोल्डर ज्या संगणकावर आहे, त्यावरच तो कोणी उघडावा ह्याची यादी असते. कंट्रोलर फक्त “हा गृहस्थ अमुक, आणि तो अमुक गटातला” एवढेच सांगतो. नवा कंट्रोलर आला म्हणून फोल्डरावरील यादीत एका अक्षराचाही बदल होत नाही. यादी कालचीच असेल आणि दार आज उघडत नसेल, तर चुकले आहे ते ओळख पटविण्याच्या वाटेवर. यादीवर संशय घ्यावयाचा तो सर्वांत शेवटी.

प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. दाराशी पालक खोळंबलेले असतात, साहेबांचा फोन येतो, आणि कोणीतरी फोल्डराच्या यादीत “सर्वांना पूर्ण अधिकार” असे लिहून टाकतो. ह्याने पुष्कळदा काम होतच नाही, कारण नेहमीच्या मांडणीत त्या “सर्वां”मध्ये ज्याची ओळख पटलेली नाही असा मनुष्य मोडत नाही. पुढे दोन दिवसांनी खरा दोष निघतो, फोल्डर उघडू लागतो, सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ते “सर्वांना पूर्ण अधिकार” तसेच राहून जाते. मग कार्यालयातील कोणत्याही संगणकावर बसलेल्या कोणासही कोणत्याही मुलाची नोंद वाचता येते, बदलता येते, पुसता येते. फोल्डर न उघडण्याची अडचण दोन दिवसांची असते. ही दुसरी अडचण कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून ती अधिक वाईट.

आपल्या जिल्ह्यातील नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. शेवटच्या शेतात पाणी पोचले नाही म्हणून पाटकरी बंधाऱ्याच्या साऱ्या फळ्या उपसून टाकीत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कोठे अडले ते पाहतो. येथेही तीच वाट धरावयाची.

प्रथम विचारावे ते असे की, अडचण एकाची आहे की सर्वांची? तोच मनुष्य दुसऱ्या संगणकावर बसला तर फोल्डर उघडतो काय? उघडला तर दोष माणसाच्या नोंदीत नसून त्या संगणकात आहे. आणि पडद्यावर नेमके कोणते वाक्य आले? “मार्ग सापडत नाही” आणि “प्रवेश नाकारला” ह्या दोन अगदी निराळ्या तक्रारी आहेत. पहिलीत प्रवासी दारापर्यंत पोचलाच नाही; दुसरीत तो पोचला, पण आत घेतला गेला नाही. फोनवरून तक्रार कळविणारा शिक्षक जर “उघडत नाही” एवढ्यावर न थांबता पडद्यावरील वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवील, तर दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचेल.

“मार्ग सापडत नाही” ही तक्रार बहुधा पत्त्याची असते. संगणक एकमेकांस आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. नावावरून तो पत्ता सांगणारी सेवा वेगळी असते, तिला डीएनएस म्हणतात. कंट्रोलर कोठे आहे हेही संगणक ह्याच सेवेला विचारतो, आणि नवा कंट्रोलर आपला पत्ता तेथेच नोंदवितो. आता कोणी संगणकात कार्यालयाच्या डीएनएसऐवजी इंटरनेट कंपनीचा किंवा गूगलचा डीएनएस घालून ठेवला असेल, तर इंटरनेट उत्तम चालते, पण कार्यालयातील सर्व्हरचे नाव त्या परक्यास कसे ठाऊक असणार? गावातील वाडा मुंबईच्या पोस्टमनला विचारण्यासारखेच ते आहे. म्हणून डोमेनमधील प्रत्येक संगणकाने कार्यालयातीलच डीएनएस विचारावा, दुसरा पत्ता घालावयाचा तर तोही कार्यालयातील दुसऱ्या कंट्रोलरचा घालावा.

येथे एक सोपी परीक्षा उपयोगी पडते. फोल्डर सर्व्हरच्या नावाने उघडत नसेल तर तोच आकडी पत्त्याने उघडून पाहावा. आकड्याने उघडला आणि नावाने उघडला नाही, तर केबल, स्विच, फोल्डर आणि त्याची यादी ही चारही निर्दोष ठरली. राहिला दोष पत्त्याचा किंवा ओळखीच्या तिकिटाचा. आकड्याने जाताना विंडोज सामान्यतः एक जुनी ओळखपद्धत वापरते, नावाने जाताना नवी. म्हणून ही परीक्षा होऊ शकते. ती जुनी पद्धत जेथे मुद्दाम बंद केलेली असेल तेथे मात्र हिचा उपयोग नाही. परीक्षा झाल्यावर आकडी पत्ताच कायमचा वापरीत राहण्याचा मोह होतो. तो टाळावा, तसे केल्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

ओळखीच्या ह्या नव्या पद्धतीचे नाव कर्बेरॉस. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८० नंतरच्या दशकात ती तयार झाली, आणि ग्रीक पुराणातील तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे नाव तिला दिले गेले. तिची रीत एस. टी.च्या तिकिटासारखी आहे. सकाळी लॉगिन करताना कंट्रोलर एक तिकीट देतो, आणि ते दाखवून दिवसभर दारोदार प्रवेश मिळतो. तिकिटाची मुदत सामान्यतः दहा तासांची असते. त्यामुळे संध्याकाळी नवा सर्व्हर जोडताना सारे सुरळीत दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धे कार्यालय अडते. काल रात्रीपर्यंत चालले होते, तेव्हा नव्या सर्व्हरचा दोष नाही, हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

तिकिटावर वेळ छापलेली असते. दोन्हीकडच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक तफावत पडली की तिकीट नाकारले जाते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. माणसांचे व्यवहार अशा दोन वेळा सांभाळून अर्धशतक चालू शकले. कर्बेरॉसला सहा मिनिटेही चालत नाहीत. आणि आपल्याकडे वीज जाणे-येणे नित्याचे. संगणकाच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्याबरोबर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. नव्या कंट्रोलरचे घड्याळ कोणाकडून वेळ घेते, जुन्याकडून की भलत्याच ठिकाणाहून, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. ती पाहावीत. तारीख आणि सालही वाचावे, केवळ तासकाटा पाहून समाधान मानू नये.

पत्ता बरोबर, घड्याळ बरोबर, तरी “प्रवेश नाकारला” येत असेल तर दोन रजिस्टरे जुळतात काय हे पाहावे. एका इमारतीतील दोन कंट्रोलर आपल्या नोंदी काही सेकंदांत परस्परांस कळवितात. पण ते दोन वेगळ्या गावी असून तशी वेगळी स्थळे नोंदविलेली असतील, तर मूळच्या मांडणीत हा निरोप तीन तासांनी एकदा जातो. म्हणजे कोल्हापुरात सकाळी अकरा वाजता एखाद्या लिपिकाचे नाव शिष्यवृत्तीच्या गटात घातले, तर गगनबावड्याच्या कंट्रोलरला ते दोन वाजेपर्यंत ठाऊक नसण्याचा संभव आहे. आणि पावसात तेथील लाईन गेली असेल तर पुढेही नाही. शिवाय गट बदलल्यावर त्या लिपिकाने एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणे आवश्यक असते, कारण हातातील जुन्या तिकिटावर जुनेच गट लिहिलेले असतात. निरोपांची ही ये-जा तपासण्याची साधने विंडोजमध्येच आहेत. ‘डीसीडायग’ आणि ‘रेपॲडमिन’ ही दोन नावे लक्षात ठेवली तरी पुरे. ती चालवून आलेला मजकूर जाणत्यास पाठवावा.

ह्याहून गंभीर असा एक प्रकार आहे, आणि तो शिक्षकांस चटकन समजेल. जनरल रजिस्टरात मुलाचा ओळखक्रमांक असतो. त्याच नावाचे मूल नव्याने दाखल केले तर त्यास नवा क्रमांक मिळतो. नाव तेच असले तरी नोंद तीच नसते. कंट्रोलरही असेच करतो. फोल्डरावरील यादीत माणसांची नावे नसतातच, क्रमांक असतात. आपल्या सोयीसाठी पडद्यावर नाव दिसते एवढेच. आता बसविणाऱ्याने नवा सर्व्हर जुन्या डोमेनमध्ये जोडण्याऐवजी त्याच नावाचे नवेच डोमेन उभे केले, आणि सर्वांची खाती त्याच नावांनी पुन्हा टाईप केली, तर वरवर सारे पूर्ववत दिसते. परंतु एकही जुना फोल्डर उघडत नाही, आणि यादीत नावांच्या जागी लांबलचक आकडे दिसू लागतात. ते आकडे दिसले की हात थांबवावा आणि जुना सर्व्हर मुळीच पुसू देऊ नये, कारण त्या क्रमांकांचा अर्थ फक्त त्यालाच ठाऊक असतो. “खाते काढून पुन्हा घाला” हा सर्रास दिला जाणारा सल्लाही ह्याच कारणासाठी धोक्याचा आहे.

काही संगणक जुन्या काळातले असतात. विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या संगणकास फोल्डर वाटण्याची जी पहिली बोली येते, ती नव्या सर्व्हरवर मूळातच बंद असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव जगभर पसरला तो ह्याच बोलीतील दोषातून. अशा संगणकासाठी ती बोली नव्या सर्व्हरवर पुन्हा चालू करू नये. त्या संगणकाला निवृत्त करावे.

दोन कंट्रोलर झाले म्हणजे बॅकअपची गरज उरली नाही, अशी एक समजूत आढळते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ ह्या उपद्रवाने मर्स्क ह्या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. कंपनीजवळ सुमारे दीडशे कंट्रोलर होते, सारे परस्परांच्या नोंदी राखणारे, आणि सारे एकदमच गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती! वीज जाण्याचा असा लाभ क्वचितच कोणास झाला असेल. नोंदवहीची प्रत जाळ्याबाहेर, तारेने न जोडलेल्या ठिकाणी ठेवावी.

आता जुन्या सर्व्हरविषयी. लहान कार्यालयात तोच कंट्रोलर, तोच डीएनएस आणि तोच फोल्डर ठेवणारा, अशी तिहेरी नेमणूक असते. नवा आला की जुना उचलून कपाटात ठेवण्याची घाई होते. त्यास प्रथम रीतसर कार्यमुक्त करावे लागते. नुसता बंद करून ठेवला तर नवा कंट्रोलर त्याची वाट पाहत राहतो. आणि असा बंद ठेवलेला कंट्रोलर सामान्यतः १८० दिवसांनंतर पुन्हा जोडू नये, कारण मध्यंतरी पुसलेल्या नोंदी तो पुन्हा जिवंत करू शकतो. कार्यमुक्तीपूर्वी एक पूर्ण कामाचा दिवस तो केवळ बंद ठेवून पाहावा, आणि त्या दिवशी कोण अडते त्याची नोंद घ्यावी. ज्या संगणकात जुन्याच डीएनएसचा पत्ता राहून गेला असेल, ज्याच्या ‘झेड’ ड्राइव्हवर जुन्याच सर्व्हरचे नाव असेल, तो त्या दिवशी आपोआप सापडतो. बहुधा शेवटी तक्रार येते ती कोपऱ्यातल्या झेरॉक्स-स्कॅनर यंत्राची. स्कॅन केलेले कागद कोणत्या सर्व्हरवर टाकावयाचे, हे त्यात कोणीतरी पाचसहा वर्षांपूर्वी आकडी पत्त्याने लिहून ठेवलेले असते.